पेनिसिलिन जिवाणूला मारतं, मग मला का नाही? (शिवाय दही का लागत नाही?)

चाफेकळी | सोमवार, रात्री १०.१२

लेक दहावीला आहे. ‘सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख’ हा धडा चालू आहे. काल मी भाकऱ्या थापत होते, ती ओट्यापाशी बसून मोठ्यानं वाचत होती. मधेच थांबून म्हणाली, “आई, पेनिसिलिन जिवाणूला मारतं. मग मला का मारत नाही? मीपण पेशींचीच आहे की.” मी बी.कॉम. तव्यावरची भाकरी करपली, पण उत्तर सुचलं नाही.

जिवाणूच्या आकृतीला ती नावं धडाधड देते. पेशीभित्तिका, पटल, रायबोसोम, कशाभिका. उपयोगांची यादीही पाठ आहे: दही, चीज, व्हिनेगर, खतं, प्रतिजैविकं. पण या आकृतीचा आणि त्या यादीचा एकमेकांशी काय संबंध, ते तिलाही कळत नाही आणि मलाही. कुणी समजेल असं सांगेल का?

जाता जाता: आठ दिवस झाले, घरात दही लागत नाहीये. सासूबाईंनी तीन घरांतून विरजण आणून झालं. पातेलं तेच, जागा तीच. थंडी म्हणावी तर गेल्या वर्षी याहून कडक होती. याचा वरच्या प्रश्नाशी संबंध नाही, पण इथे जाणकार येतात म्हणून विचारून ठेवते.

उंटावरचा | सोमवार, रात्री १०.३१

पेनिसिलिनला कळतं, बिल कोण भरणार आहे ते. भरणाऱ्याला मारून कसं चालेल?

दह्यासाठी मिरचीचं देठ टाका दुधात. आमच्या आजीचा उपाय.

काचपट्टी | सोमवार, रात्री ११.५०

कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होतो, आता निवृत्त. मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. हा प्रश्न बी.एस्सी.ची मुलंही विचारत नाहीत, ती थेट औषधांची यादी लिहून घेतात.

बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो ना? जिवाणूचं तेच होतं. त्याच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं यांची गर्दी, बाहेर पातळ पाणी. पाणी सारखं आत घुसायला बघतं. आतलं पटल अगदी नाजूक, ते एकटं तग धरू शकत नाही. म्हणून त्याच्याभोवती भिंत असते. भिंत म्हटल्यावर विटा डोळ्यांसमोर येतात, तसं नाही. सुतळीनं विणलेली बाज आठवा. साखरेच्या रेणूंचे लांब धागे एका दिशेला आणि त्यांना आडव्या बांधणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या गाठी. या विणीचं नाव पेप्टिडोग्लायकन.

आता जिवाणू वाढतो तेव्हा त्याला ही वीण सैल करावी लागते. तो स्वतःच जुन्या गाठी कापतो, मधे नवे धागे घालतो आणि पुन्हा गाठी मारतो. गाठी मारणारं एक विकर असतं, म्हणजे एंझाइम, पेशीतली कामं घडवून आणणारं प्रथिन. पेनिसिलिन त्या विकरालाच जाऊन चिकटतं. कापणं चालू राहतं, बांधणं थांबतं. पाणी आत येतच असतं. शेवटी पेशी फुटते.

तुमच्या लेकीच्या पेशींना भिंतच नाही. पेप्टिडोग्लायकन माणसात नाही, गाईत नाही, मेथीच्या जुडीतही नाही. झाडांना भिंत असते, पण ती सेल्युलोजची. जी वस्तू घरातच नाही तिची तोडफोड कशी होणार? एवढंच उत्तर.

यातून आणखी एक निघतं. वाढ थांबवून निपचित पडलेल्या जिवाणूचं पेनिसिलिन फारसं वाकडं करू शकत नाही, कारण तो भिंतीचं काम काढतच नाही.

चाफेकळी | मंगळवार, सकाळी ७.२०

काचपट्टी काका, डबे भरता भरता तिला वाचून दाखवलं. आता ती विचारतेय, मग सगळ्या जिवाणूंवर पेनिसिलिन चालायला हवं. डॉक्टर वेगवेगळी औषधं का देतात? आणि ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणजे ज्याचं वजन जास्त, तो का? (हे मीच तिला सांगितलं होतं. हसू नका.)

काचपट्टी | मंगळवार, सकाळी ९.०५

हसलो. पण आमच्याकडे दर वर्षी एक तरी मूल हेच लिहायचं.

ग्रॅम हे आडनाव आहे. हान्स क्रिश्चन ग्रॅम, डेन्मार्कचे डॉक्टर. १८८४ साली बर्लिनमध्ये फुफ्फुसाच्या ऊतीत जिवाणू नीट दिसावेत म्हणून रंगाची खटपट करत होते. आज आपण करतो ती पद्धत अशी: काचपट्टीवर पातळ थर पसरून वाळवायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडिन एक मिनिट. त्यानंतर अल्कोहोलनं धुवायचं. सगळी गोम इथे आहे. शेवटी सॅफ्रानिनचा गुलाबी रंग.

ज्यांची वीण जाड, थरावर थर, त्यांच्यात जांभळा रंग अडकून बसतो, अल्कोहोलनं निघत नाही. ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची वीण पातळ, त्यांचा जांभळा रंग धुऊन जातो आणि नंतरचा गुलाबी दिसतो. ते ग्रॅम निगेटिव्ह. पण या पातळ विणीवाल्यांनी एक हुशारी केलेली असते. भिंतीच्या बाहेर आणखी एक पटल. अंगणाला कुंपण असावं तसं. साधं पेनिसिलिन त्या कुंपणातून सहज आत जात नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गात बहुधा सापडणारा ई. कोलाय या जातीचा, म्हणून तिथे दुसरी औषधं लागतात.

क्षयाच्या जंतूची आणखी वेगळी तऱ्हा. त्याच्या भिंतीवर मेणासारखा थर असतो, ग्रॅमचा रंग त्यावर धड बसतही नाही, वेगळी रंगपद्धत लागते. आणि मायकोप्लाझ्मा नावाचे काही जिवाणू बिनभिंतीचेच. त्यांच्यावर पेनिसिलिन म्हणजे नसलेल्या दाराला कुलूप.

अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर जांभळेही गुलाबी दिसतात, हेही सांगून ठेवतो. माझ्या नोकरीतल्या निम्म्या चुका त्या दहा सेकंदांतल्या.

अकरावीचे_सर | मंगळवार, दुपारी १.४४

चर्चा चांगली चालली आहे, पण मेसोसोमचा उल्लेख राहिला. पेशीपटलाला आत पडलेली वळी. श्वसनाला आणि पेशीविभाजनाला मदत करते. पुढे अकरावीत लागेल.

काचपट्टी | मंगळवार, दुपारी २.३०

सर, आदर ठेवून सांगतो, मेसोसोम असं काही नसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी रसायनांत बुडवून टिकवत असत, त्या प्रक्रियेत पटल आक्रसून या वळ्या पडायच्या. नंतर पेशी झटकन गोठवून बघायची पद्धत आली आणि वळ्या गायब झाल्या.

अकरावीचे_सर | मंगळवार, दुपारी २.४१

मलाही माहीत आहे. पण अनेक पुस्तकांत आहे आणि प्रवेशपरीक्षांत प्रश्न येतो. मुलाचा गुण का घालवायचा?

उंटावरचा | मंगळवार, दुपारी २.४५

म्हणजे नसलेल्या अवयवाचं नसलेलं कार्य लिहून असलेला गुण मिळवायचा. मला शाळा आवडायला लागली.

काचपट्टी | मंगळवार, दुपारी ३.१०

परीक्षेत लिहू द्या, पण वर्गात खरं सांगा. यावर माझ्याकडून पूर्णविराम.

चाफेकळी | मंगळवार, रात्री ९.१५

लेकीचा आजचा प्रश्न: जिवाणूचा रायबोसोम ७० एस. त्याचे दोन भाग ५० एस आणि ३० एस. ५० आणि ३० मिळून ८० होतात. पुस्तक चुकलंय का? मी कॉमर्सवाली, बेरीज मला येते. ८०च होतात.

अकरावीचे_सर | मंगळवार, रात्री ९.५०

याचं उत्तर मी देतो, दुपारची भरपाई. एस म्हणजे स्वेडबर्ग. ते वजन नाही. वेगानं फिरवलेल्या नळीत एखादी वस्तू किती झपाट्यानं तळाला जाते, त्याचं माप आहे. आकार बदलला की वेग बदलतो. दोन भाग चिकटून एक गोळा झाला की त्याचा वेग दोघांच्या वेगांची बेरीज नसतो. म्हणून ५० आणि ३० मिळून ७०. आपल्या पेशीद्रवातला रायबोसोम ८० एस, त्याचे भाग ६० आणि ४०.

हा फरकही औषधांच्या कामी येतो. अॅझिथ्रोमायसिन जिवाणूच्या ५० एस भागाला पकडतं, टेट्रासायक्लिन ३० एसला. मात्र आपल्या पेशीतल्या तंतुकणिकांचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे) रायबोसोम जिवाणूंच्या वळणाचे असतात, त्यामुळे ही औषधं भिंतीवरच्या औषधांइतकी निर्धोक मानता येत नाहीत.

बाकी आकृतीतलं थोडक्यात. केंद्रक नाही, डीएनए मोकळाच. ई. कोलायची लांबी साधारण २ मायक्रोमीटर आणि त्याचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटर, म्हणजे अंगाच्या साडेसातशे पट दोरा अंगात कोंबलेला. शिवाय प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी. ही एकमेकांना देता येते. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराची कृती बहुतेक वेळा या कडीवरूनच पसरते. त्याच कडीत माणसाचं जनुक बसवून ई. कोलायकडून इन्शुलिन करून घेतलं, प्रयोगशाळेत १९७८ साली, अमेरिकेच्या बाजारात १९८२ साली. त्याआधी डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढावं लागे. एकच कडी, वाईट कामालाही आणि चांगल्याही.

पिंपरीची_पोर | मंगळवार, रात्री ११.०२

पेनिसिलिनचा धागा आणि पिंपरीचं नाव नाही? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ची, सरकारी क्षेत्रातला औषधाचा पहिला कारखाना. पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. माझे वडील तिथे टाक्यांवर होते. ते म्हणत, पेनिसिलिन बनवणं म्हणजे बुरशीला खाऊ घालणं सोपं, पण तिच्या ताटात दुसऱ्या कुणाला तोंड घालू न देणं अवघड. टाकीत सोडायची हवासुद्धा निर्जंतुक करून सोडायची. एक परका जिवाणू शिरला आणि त्याच्याकडे पेनिसिलिन तोडणारं विकर असलं की सगळी टाकी वाया.

आणि हे फार कुणाला माहीत नसतं: तिथल्या संशोधकांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन शोधलं. नाव कंपनीच्या आद्याक्षरांवरून. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! आमच्या गावाचं नाव लॅटिन वळणानं शास्त्रात गेलंय. हॅमायसिन बुरशीवर चालतं. बुरशीला पेप्टिडोग्लायकन नाही, म्हणून ते भिंतीच्या वाटेला जात नाही, बुरशीच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरतं.

बांधावरून | बुधवार, सकाळी ६.०५

आम्ही वाचतो गुपचूप, आज लिहितो. सोयाबीन आणि तूर आहे, गोठ्यात चार जनावरं. उपयोगांच्या यादीतलं खत म्हणजे काय ते सांगतो.

पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतो, १० किलोला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. सावलीत सुकवायचं, उन्हात नाही. आणि बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी मी उलटं केलं, वर पाकीट मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर तापलं. मुळं उपटून पाहिली तर गाठी नावालाच.

पीक महिना-सव्वा महिन्याचं झालं की एक रोप मुळासकट काढा, गाठ नखानं फोडा. आतून लालसर गुलाबी असली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असली तर नुसती फुकट खाणारी. कृषी सहायकानं सांगितलं की तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचा आहे. हवेतला नत्र पकडणारं विकर प्राणवायूनं बिघडतं, म्हणून हा रंग प्राणवायू मोजून मापून देतो. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही, ज्याचा त्याचा जिवाणू वेगळा. नात्यागोत्यासारखं आहे.

आता ताई, तुमच्या दह्याचं. एक विचारू? दूध पिशवीचं की गोठ्यातलं? गोठ्यातलं असलं तर एकाच म्हशीचं घेता का?

चाफेकळी | बुधवार, सकाळी ८.४०

गोठ्यातलं. सासूबाईंचा आग्रह, एकाच म्हशीचं. तीन वर्षं तेच घेतोय. का हो?

बांधावरून | बुधवार, दुपारी १२.२०

म्हशीला दगडी झालेली असावी. म्हणजे कास सुजते, पुस्तकी नाव कासदाह. मग डॉक्टर सडात ट्यूब सोडतात, नाहीतर इंजेक्शन देतात. त्यात बहुतेक वेळा पेनिसिलिन किंवा त्याच्या घराण्यातलं औषध असतं. ते दुधात उतरतं. औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध विकायचं नसतं, पण कुणाला सोसतं, कुणाला नाही. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, औषधाच्या म्हशीचं दही लागत नाही. का ते मला या धाग्यावर कळलं.

लगेच कुणावर आळ घेऊ नका. आधी करून बघा. तीन वाट्या. एकात तुमचं दूध, एकात त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशीचं, एकात पिशवीचं. तिन्ही उकळून सारखंच कोमट करा, एकाच विरजणाचा एकेक चमचा, शेजारी शेजारी ठेवा.

काचपट्टी | बुधवार, दुपारी १.००

बांधावरून, तुमच्या पायाची धूळ द्या. मी विरजण आणि थंडीतच अडकलो होतो.

दह्यात साखळीनं राहणारे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि काडीसारखे लॅक्टोबॅसिलस, घरच्या विरजणात त्यांचे आणखी भाऊबंद. सगळे जाड विणीचे, ग्रॅम पॉझिटिव्ह, बाहेर कुंपण नाही. आणि दुधात पडल्यावर ते भराभर वाढत असतात, म्हणजे भिंतीचं काम जोरात काढलेलं. पेनिसिलिनला यापेक्षा सोपं गिऱ्हाईक कुठलं? त्यातला स्ट्रेप्टोकॉकस तर फारच हळवा. ते वाढले नाहीत तर दुधातल्या साखरेचं आम्ल होत नाही, आम्ल झालं नाही तर केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, गोठत नाही.

दूध उकळल्यानं पेनिसिलिन पुरतं जात नाही, हे लक्षात असू द्या. ज्यांना त्याची अॅलर्जी आहे त्यांना असं दूध त्रास देऊ शकतं.

ताई, दोन्ही प्रश्नांचा संबंध नाही असं म्हणाला होतात.

डुलुथची_मावशी | बुधवार, रात्री ८.१५

इथे मिनेसोटात उणे वीस. मी दही बंद ओव्हनमध्ये लावते, नुसता दिवा चालू ठेवून. लागतं छान.

पण मला उलटा प्रश्न आहे. दूध उकळलं, सगळं मेलं, तरी दोन दिवसांनी नासतंच कसं?

काचपट्टी | बुधवार, रात्री ९.२०

सगळं मरत नाही. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम कुळातले जिवाणू संकट आलं की पेशीच्या आत एक कडक कवचाचा बीजाणू तयार करतात. पाणी जवळजवळ काढून टाकलेलं, आत कॅल्शियमबरोबर एक खास आम्ल भरलेलं. उकळतं पाणी त्याला पावसासारखं. प्रयोगशाळेत आम्ही १५ पौंड दाबावर १२१ अंशाला १५ मिनिटं ठेवायचो, तेव्हा कुठे मरायचा. घरचा कुकर साधारण त्याच दाबाचा.

दुधापेक्षा मला काळजी भाताची वाटते. तांदळात बॅसिलस सेरियसचे बीजाणू असतात, शिजूनही उरतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते उगवतात आणि विष सोडतात. सकाळी फोडणी दिल्यानं जिवाणू मरतील, पण उलट्या करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. फोडणीचा भात जरूर खा, मीही खातो, पण भात रात्री लवकर फ्रिजमध्ये गेलेला असावा.

उंटावरचा | बुधवार, रात्री ९.३३

माझा उद्याचा नाश्ता गेला.

मेहकरचा_पाहुणा | गुरुवार, सकाळी १०.१०

बुलढाण्याचा आहे म्हणून लोणार घुसवतो. २०२०च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, लोक बघायला लोटले, कुणी कोप म्हणालं कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा क्षार आवडणारे सूक्ष्मजीव निघाले, हॅलोआर्किया. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. रंग त्यांच्या अंगातला.

हे दिसायला जिवाणूंसारखे, केंद्रक नाही, पण जिवाणू नव्हेत. आर्किया वेगळं घराणं. त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नसतं. म्हणजे तुमचं पेनिसिलिन लोणारच्या गुलाबी पाण्यात ओतलं तरी त्यांना ढिम्म. गोबरगॅसमध्ये मिथेन करणारेही याच घराण्यातले.

चाफेकळी | शुक्रवार, रात्री ९.४८

निकाल.

काल रात्री लेकीनं तीन वाट्या लावल्या, खाली चिकटपट्टीवर अ, ब, क लिहून. सासूबाईंना कोणती कुठली ते सांगितलं नाही, म्हणे निकाल बघणाऱ्याला माहीत नसावं. सकाळी सातला पिशवीचं लागलं होतं. दुसऱ्या म्हशीचं तर कवडीसारखं घट्ट. आमचं जसंच्या तसं, नुसतं कोमटलेलं दूध, वर विरजणाचे कण तरंगत होते.

दूधवाल्या दादांना विचारलं. भांडले नाही, खरंच. तेच म्हणाले, हो, डावीकडच्या सडांना सूज होती, ट्यूब सोडल्यात, आजचा शेवटचा दिवस. एवढ्याशानं दुधात काय उतरणार असं वाटलं त्यांना. लेकीनं त्यांना गोठ्यातच बाजेच्या सुतळीवरून पेप्टिडोग्लायकन समजावलं. बाज तिथेच होती.

आता तिला दह्याची स्लाइड करायची आहे. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, बाई हो म्हणाल्यात. रंगही आहेत, बाटल्या उघडतात की नाही ते सोमवारी कळेल.

काचपट्टी | शुक्रवार, रात्री १०.०५

दही नको, त्यावर सुटलेलं पाणी घ्या, थेंबभर. दह्यातलं स्निग्ध आणि प्रथिनं रंग धरून बसतात, सगळं जांभळं दिसतं. थर इतका पातळ हवा की खालचा छापील कागद वाचता आला पाहिजे. १०० पट भिंग असेल तर तेलाचा थेंब टाकायला विसरू नका. आणि अल्कोहोल दहा सेकंद. अकरावं नाही.

चाफेकळी | सोमवार, संध्याकाळी ६.३०

दिसले! जांभळ्या माळा आणि मधे मधे जांभळ्या काड्या. दोन स्लाइड गुलाबी आल्या, त्या अकराव्या सेकंदाच्या.

सासूबाई आता रोज पहाटे किटली पुढे करायच्या आधी दूधवाल्यांना विचारतात, “सडात ट्यूब नाही ना?”